ऊन, लहरी आणि लाजाळू : तीन शोधांची हकीकत



वनस्पतिशास्त्र, बिनतारी संदेशवहन आणि सूर्याची उष्णता ही तीन नावे एका दमात घेतली, की ऐकणाऱ्यास वाटावे, वक्त्याने आठवड्याचा सगळा बाजार एकाच पिशवीत कोंबला आहे. वर्तमानपत्रांत या तिन्ही विषयांवर नव्या संशोधनाच्या बातम्या सारख्या येत असतात. झाडाला जखम झाली की ते दूरच्या पानाला निरोप धाडते, ही एक बातमी. अत्यंत आखूड लहरींवर दूरध्वनीचे जाळे उभे राहत आहे, ही दुसरी. आणि आरशांनी ऊन गोळा करून वाफ करता येते, ही तिसरी. प्रत्येक बातमीत 'नवीन' हा शब्द असतोच. परंतु या तिन्ही गोष्टींची पहिली पाने आपल्याच देशात, मुंबईत आणि कलकत्त्यात, 1878 ते 1902 या पाव शतकाच्या आत लिहिली गेली होती. ती पाने मिटली कशी आणि पुन्हा उघडली कोणी, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते यंत्रशाळेतल्या लेथवर, कामगार संघटनेच्या कचेरीत आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा सूत्रे मांडून दाखविण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु एखादे काम कोणी केले, कोणत्या हत्यारांनी केले आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडला, हे तीन प्रश्न विचारण्याची खोड आम्हांला धंद्यानेच लावली आहे. इतिहासालाही आम्ही तेच तीन प्रश्न विचारतो.

प्रथम मुंबईचे ऊन. 1878 साली मुंबईच्या गिरण्यांची धुरांडी चांगली उंच झाली होती. 1850 नंतरच्या दशकात पहिली गिरणी निघाली आणि पंचवीस वर्षांत गिरण्यांचे शहर उभे राहिले. या गिरण्यांचा कोळसा मोठ्या प्रमाणावर इंग्लंडहून जहाजाने येई. वर्षाचे आठ महिने माथ्यावर आग ओकणारे ऊन, आणि चूल पेटवायची ती हजारो कोस दूरच्या खाणीतल्या कोळशाने, असा तो व्यवहार होता. सरकारी नोकरीत डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या डोळ्यांत ही विसंगती भरली. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने शंकूच्या आकाराच्या मोठ्या आरशाने पाणी उकळून इंजिन चालविले होते. अॅडम्सने त्याचे काम वाचले आणि त्यातली अडचण हेरली. एकच मोठा गोलाकार आरसा घडविणे महागाचे आणि तो सांभाळणे त्याहून कठीण. म्हणून त्याने लहान लहान सपाट आरसे घेतले. प्रत्येक आरसा सुमारे 17 इंच लांब आणि 10 इंच रुंद. असे आरसे एका चौकटीत निरनिराळ्या कोनांत बसवायचे आणि सगळ्यांचे कवडसे एकाच बिंदूवर पाडायचे, ही त्याची युक्ती. एकेक आरसा वाढवीत आणि उष्णता मोजीत तो 72 आरशांपर्यंत आला. कवडशांच्या त्या बिंदूवर लाकूड धरले, तर तत्काळ पेट घेई. मग त्याने तेथे बाष्पपात्र ठेवले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरा दिवस दिवसाउजेडी चालवून दाखविले.

त्याने स्वयंपाकाचीही एक पेटी केली होती. जानेवारीच्या उन्हात सात शिपायांचे मांस आणि भाजी त्या पेटीत दोन तासांत शिजे, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या सर्व प्रयोगांची हकीकत त्याने 1878 साली मुंबईतच पुस्तकरूपाने छापली. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी, हाच त्या पुस्तकाचा विषय.

आता आमचे तीन प्रश्न. हे प्रात्यक्षिक पाहण्यास कोण आले होते? लष्कराचे सेनापती, बांधकाम खात्याचे चिटणीस, न्यायमूर्ती आणि मुंबईचे प्रमुख गिरणीमालक. सर्वांनी वाहवा केली. कोळशाला जोड म्हणून हे बरे आहे, असे इंजिनियर मंडळींनीही म्हटले. मग सारे घरी गेले. सूर्य मावळल्यावर गिरणी थांबवावी लागेल आणि पावसाळ्यात चार महिने ऊन नाही, ही खरी अडचण होती, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु दुसरेही एक कारण होते. कोळशाची खाण, कोळशाचे जहाज आणि कोळशाचा व्यापार यांना धनी होते; उन्हाला धनी नव्हता. ज्या वस्तूला धनी नाही, तिची तरफदारी बाजारात कोण करणार? पुढे 1915 साली खोपोलीहून पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि सूर्याच्या इंजिनाची आठवण पुस्तकातच राहिली.

आणखी एक गोष्ट त्या हकीकतीत आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. सूर्य सरकतो, तेव्हा आरशांची चौकटही फिरवावी लागते. अॅडम्सने ती अर्धगोल मार्गावर सरकती ठेवली होती आणि दिवसातून तीन-चार वेळा एका मजुराने ती ढकलली की पुरे, असा त्याचा हिशेब होता. हा मजूर कोण, कोणत्या गावचा, त्याला काय मजुरी मिळाली, हे पुस्तकात नाही. पुढे 1982 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 'सोलर वन' नावाचे केंद्र सुरू झाले. मधोमध उंच मनोरा, त्यावर बाष्पपात्र आणि भोवती 1818 सूर्यानुवर्ती आरसे. तत्त्व तेच, अनेक सपाट आरसे आणि एक बिंदू. फरक एवढाच की मुंबईच्या त्या अनाम मजुराचे काम तेथे यंत्राकडे गेले होते.

महाराष्ट्रातही हा धागा पुन्हा हाती आला. लातूरच्या एका दूध डेअरीत मुंबईच्या आय.आय.टी.शी निगडित संशोधनातून निघालेली आरशांची प्रचंड तबकडी बसली आणि दूध तापविण्याचे काम ऊन करू लागले. 2009 साली शिर्डीच्या प्रसादालयासाठी वाफ करणाऱ्या 73 तबकड्या बसविण्यात आल्या. सात शिपायांच्या भाजीपासून हजारोंच्या पंक्तीपर्यंतचा हा प्रवास सुमारे एकशे तीस वर्षांचा आहे.

आता कलकत्ता. जगदीशचंद्र बसू यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता प्रथम बंगाली शाळेत घातले. तेथे एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा, असे बाक होते. पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी त्या सोबत्यांकडून ऐकूनच निसर्गाचे वेड लागले, असे बसूंनी पुढे जाहीर सभेत सांगितले. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्या मुलांनी एका शास्त्रज्ञाला पहिले धडे दिले, हे ध्यानात ठेवावे.

केंब्रिजहून शिकून ते 1885 साली परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या काळी त्या जागेवर युरोपीय प्राध्यापकाला जे वेतन मिळे, त्याच्या दोन-तृतीयांश हिंदी माणसाला. आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही अर्धे. म्हणजे काम पूर्ण आणि दाम एक-तृतीयांश! बसूंनी काय केले? त्यांनी काम सोडले नाही आणि कमी पगार घेतलाही नाही. तीन वर्षे ते रोज वर्गावर जात राहिले आणि पगाराला हात लावला नाही. घरावर वडिलांचे कर्ज होते, नवा संसार होता. अखेर सरकार नमले. नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी मिळाले. ते कर्ज फेडण्यात गेले.

'समान कामाला समान दाम' ही घोषणा आम्ही आयुष्यभर फाटकासमोर दिली आहे. तिचे असे शांत आणि चिवट उदाहरण आमच्या वाचनात क्वचितच आले असेल. त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. 1884 साली त्यांनी कामगारांचे गाऱ्हाणे लेखी मांडले आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. कलकत्त्याचा प्राध्यापक आणि मुंबईचा कामगार पुढारी यांची गाठभेट झाली होती असे आम्ही म्हणत नाही. दोघांचे मागणे मात्र एकच होते : आमच्या श्रमाचे माप खोटे ठेवू नका.

बसूंना प्रयोगशाळा अशी नव्हतीच. कॉलेजातल्या एका चिमुकल्या खोलीत, एका पत्रेकामगाराला हाताशी धरून, त्यांनी आपली उपकरणे करवून घेतली. जर्मनीत हेन्रिक हर्ट्झने 1888 च्या सुमारास विद्युत्-लहरी असतात हे सिद्ध केले होते, पण त्या लहरी लांब होत्या. प्रकाशाशी त्यांचे नाते तपासायचे, तर मोठमोठी उपकरणे हवीत आणि खोली तर एवढीशी. तेव्हा बसूंनी लहरीच आखूड केली. पाच मिलिमीटरपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या. त्या गोळा करण्यास त्यांनी पत्र्याचे नरसाळे लावले. आज ज्याला शिंगाकृती अँटेना म्हणतात, ते हेच. प्रकाशाप्रमाणे या लहरींचे ध्रुवण होते की नाही, हे पाहण्यास त्यांनी जाड पुस्तकाच्या पानांआड कथिलाचा वर्ख घातला. एकदा तर रेल्वेचे वेळापत्रकच उपकरण म्हणून वापरले. लहरीचे प्रतल वळते का, हे पाहण्यास त्यांनी पीळ दिलेला ताग घेतला. ज्या तागाच्या गिरण्या हुगळीच्या दोन्ही काठांवर धूर सोडीत होत्या, त्याच तागाने विज्ञानाला उत्तर दिले. 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. तारेविना धाडलेल्या लहरींनी दूर ठेवलेली घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. बिनतारीचा सगळा शोध बसूंनीच लावला, असे देशाभिमानाच्या भरात म्हटले जाते. ते बरोबर नाही. हर्ट्झ, लॉज, पोपोव, मार्कोनी यांची कामे आपापल्या जागी मोठी आहेत. बसूंना संदेश धाडण्याचा धंदा काढावयाचा नव्हता; लहरीचा स्वभाव जाणावयाचा होता. परंतु लहर पकडणारे जे यंत्र, म्हणजे ग्राहक, त्यात त्यांनी मोठी भर घातली. लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर चालणाऱ्या ग्राहकाचे वर्णन त्यांनी 1899 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संकेत ऐकले, तेव्हा त्याच्याही हाती पाऱ्याचाच ग्राहक होता. त्या ग्राहकाचे मूळ बसूंच्या निबंधात आहे, असे प्रबीर बंद्योपाध्याय या अभियंत्याने 1998 साली कागदपत्रांच्या आधारे मांडले.

मोबदला कोणास मिळाला, हा आमचा तिसरा प्रश्न. 1901 साली एक धनाढ्य तारकंपनीवाला स्वामित्वहक्काचा अर्ज हातात घेऊन बसूंकडे आला आणि नफ्यात अर्धा वाटा मागू लागला. बसूंनी त्याला परत धाडले आणि ही हकीकत मित्र रवींद्रनाथांना पत्राने कळविली. ज्ञान विकावयाचे नाही, हा त्यांचा बाणा. स्नेह्यांच्या आग्रहामुळे गॅलिना खनिजाच्या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे 1904 साली निघाले खरे, पण त्यांनी त्याचा पैसा केला नाही. या बाण्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही कामगार कार्यकर्ते म्हणून एक शंका बोलून दाखवितो. ज्ञान एकाने सोडून दिले म्हणजे ते सर्वांचे होत नाही. पुष्कळदा ते शेजारच्या भांडवलवाल्याचे होते. सार्वजनिक मालमत्ता राखावयाची तर तिला सार्वजनिक राखणदार लागतो. तो त्या काळी परतंत्र देशापाशी नव्हता.

त्या आखूड लहरी पुढे अर्धशतक अडगळीत पडल्या, कारण लांब पल्ल्याला लांब लहरीच बऱ्या. आता त्यांचे दिवस आले आहेत. आखूड लहरीवर थोड्या वेळात पुष्कळ मजकूर धाडता येतो. मात्र पाऊस आणि झाडाची पालवीसुद्धा तिला अडविते, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर केंद्रे उभारावी लागतात. 2022 साली आपल्या सरकारने पाचव्या पिढीच्या दूरध्वनीसाठी लहरींचा लिलाव केला, त्यात 26 गिगाहर्ट्झचा पट्टा होता. ती लहर सुमारे साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे बसूंच्या त्या खोलीतल्या लहरींच्याच कुळातली. त्याच वर्षांत, 2012 च्या सप्टेंबरात, असे म्हणण्याची संधी हुकली असली तरी दहा वर्षे आधीच, विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बसूंच्या 1894 ते 1896 च्या प्रयोगांना इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान दिला होता.

आता तिसरे पान, आणि आम्हांला सर्वांत जवळचे. ग्राहकावर काम करताना बसूंच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. यंत्र सतत चालविले की त्याची संवेदना मंदावे. काही काळ स्वस्थ ठेवले की ती परत येई. धातू थकतो आणि विश्रांतीने ताजा होतो! स्नायूच्या थकव्याचा आलेख आणि धातूच्या थकव्याचा आलेख त्यांनी शेजारी ठेवले, तर दोन्ही सारखे दिसले. मग या दोहोंच्या मधली जी वनस्पती, तिचे काय? या एका प्रश्नाने पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाडांकडे वळला. बिनतारी आणि वनस्पती यांची सांगड आम्ही ओढूनताणून घातलेली नाही. ती थकव्याने घातली आहे.

लाजाळूचे पान पुन्हा पुन्हा डिवचले तर ते मिटण्याचे प्रमाण कमी होते आणि विसावा दिला की ते पूर्ववत होते, हे त्यांनी मोजून दाखविले. ज्या काळी मुंबईच्या गिरणीत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माणूस उभा असे आणि प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती, त्या काळी एक शास्त्रज्ञ पान आणि धातूदेखील थकतात म्हणून सांगत होता. कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली ती 1911 च्या कायद्याने, आणि आठवड्याचे 48 तास आले ते 1946 च्या कायद्याने. माणसाच्या थकव्याला मान्यता मिळावयास एवढी वर्षे लागली.

विद्वानांनीही बसूंना सहज दार उघडले नाही. जून 1901 मध्ये रॉयल सोसायटीत त्यांनी निबंध वाचला, तेव्हा बर्डन-सँडरसन या वजनदार शरीरशास्त्रज्ञाने हरकत घेतली : पदार्थविज्ञानवाल्याने आमच्या प्रांतात येऊ नये. निबंध छापला गेला नाही. बसूंनी 1902 साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ यंत्र केले. ते झाडाची हालचाल दहा हजार पट मोठी करून दाखवी. 1917 साली त्यांनी कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिर स्थापन केले आणि 1920 साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी ते वारले.

त्यांचे सगळेच म्हणणे टिकले का? नाही. झाडाचा रस पेशींच्या स्पंदनाने वर चढतो, हे त्यांचे मत मागे पडले. पानांतून बाष्प होणारे पाणी खालच्या पाण्याला ओढून घेते, ही उपपत्ती आज मान्य आहे. झाडाला प्राण्यासारखे मज्जातंतू नाहीत आणि मेंदूही नाही. झाडाला दु:ख होते, ते रडते, असे बसूंच्या नावावर जे खपविले जाते, त्यास शास्त्राचा आधार नाही. परंतु झाडाच्या अंगातून विद्युत्-संकेत धावतात, हा त्यांचा मूळ सिद्धांत आज उजळून निघाला आहे. 2013 साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी जखमेच्या विद्युत्-संकेताला लागणारी जनुके दाखविली. 2018 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात याहूनही नवल दिसले. मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपाचे पान सुरवंटाने कुरतडताच, कॅल्शियमची लाट सेकंदास सुमारे एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांकडे निघाली. ती प्रत्यक्ष दिसावी म्हणून रोपात चमकणारे प्रथिन घातले होते. लाट सुरू करणारा निरोप्या ग्लुटामेट. तोच पदार्थ आपल्या मेंदूतही निरोप नेतो. 2022 साली जपानमध्ये, बसूंची लाडकी जी लाजाळू, तिची पाने मिटण्याची शक्ती प्रयोगाने काढून घेतली, तर नाकतोड्यांनी ती अधिक खाल्ली. लाजाळूचे लाजणे हे स्वसंरक्षण आहे! मिटणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे आमच्यासारख्या मोर्चेवाल्यांनीही शिकण्याजोगे आहे.

या तीन पानांचा एकत्र हिशेब काय निघतो? अॅडम्सचे ऊन थांबले, कारण ज्यांच्या हाती भांडवल होते त्यांना त्याची निकड नव्हती. बसूंच्या लहरी दुसऱ्यांच्या उपयोगी पडल्या, कारण त्यांना राखणारी संस्था नव्हती. त्यांची झाडे अडली, कारण विद्येच्या प्रांतांना कुंपणे होती. कल्पनेची उणीव एकाही ठिकाणी नव्हती. आणि तिन्ही ठिकाणी एक मजूर किंवा एक कारागीर उभा आहे, ज्याचे नाव पुस्तकात नाही.

आजही तेच आहे. छपरावर पाणी तापविण्याची नळकांडी बसविणारा, उंच मनोऱ्यावर पट्टा बांधून चढणारा आणि संशोधन केंद्राच्या शेतात रोपे जपणारा, हे तिघेही पुष्कळदा कंत्राटी असतात. मनोऱ्यावरचे काही जण आमच्या संघटनेत आहेत. खाली बसून दूरध्वनीवर बोलणाऱ्याला ते दिसत नाहीत. पट्टा जुना झाला की नवा मिळावा, एवढ्यासाठी त्यांना अर्ज करावे लागतात. नव्या विज्ञानाचे कौतुक करताना त्या पट्ट्याचीही चौकशी नागरिकांनी करावी, असे आमचे मागणे आहे.

दुसरे मागणे या नगराकडे आहे. आपल्याकडे वाचनालय आहे, शाळांत प्रयोगशाळा आहेत, तंत्रशाळेत यंत्रे आहेत. संध्याकाळी मात्र साऱ्यांना कुलूप लागते. कामावरून सुटलेल्या फिटरला आणि शाळेतल्या शिक्षकाला आठवड्यातून दोन संध्याकाळी एका टेबलाशी बसू द्या. बसूंना एक पत्रेकामगार लाभला, म्हणून त्यांच्या डोक्यातली लहर पत्र्याच्या नरसाळ्यात उतरली. अशी माणसे आपल्या गावात आहेत. त्यांची गाठ घालून देण्यास लागतो तो एक दिवा आणि एक किल्ली. किल्ली ज्यांच्यापाशी आहे, ते पुष्कळसे आज या सभेत बसले आहेत.